30 दिवसांत नंबर बसत नाही

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असलेल्या माणसाला एकरकमी 3,000 रुपये मिळतात. त्यातून चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा असं काहीतरी घ्यायचं. पैसे जमा झाले की 30 दिवसांत खरेदीचं देयक पोर्टलवर चढलं पाहिजे, नाहीतर वसुली. ग्रामीण रुग्णालयाच्या नेत्र विभागात ही मुदत सहसा आडवी येत नाही. ज्यांना नुसता जवळचा चष्मा लागतो, त्यांचं काम अर्ध्या तासात होतं. परवाच्या आजींची केस मात्र अजून डोक्यातून जात नाही.

सोबत नातू होता. "डॉक्टर, नंबर तेवढा लिहून द्या, दुकानदाराला सांगून ठेवलंय." मुदतीतले जवळपास दोन आठवडे आधीच गेलेले. अर्जाला ज्या पासबुकाची झेरॉक्स जोडली होती, त्या खात्यात पैसे आलेच नव्हते. मोबाइलचं सिम घेताना अंगठा लावून उघडलेल्या, आजींना माहीतही नसलेल्या खात्यात ते पडून होते. आधारवरून येणारा पैसा पासबुक बघत नाही. एनपीसीआय, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था, तिच्या नोंदीत आधारला शेवटचं जोडलेलं खातं असेल, तिथेच जातो. 'माय आधार' पोर्टलवर बँक सीडिंगची स्थिती, म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते, दोन मिनिटांत कळते. शिबिरात अर्ज भरून घेणाऱ्यांनी हे आधी बघायला हवं, पण त्यांचं लक्ष अर्जांच्या आकड्यावर.

जुना चष्मा +1.50 चा, पिशवीतच होता. "तो कशाला? पोथी बिनचष्म्याची वाचते मी आता," आजी कौतुकानं म्हणाल्या. शंका तिथेच आली. या वयात जवळचं आपोआप सुधारलं तर बहुतेक वेळा मोतीबिंदू असतो. डोळ्यातल्या भिंगाचा गाभा घट्ट होत जातो, डोळा मायनसकडे सरकतो, जवळचं दिसू लागतं आणि लांबचं जातं. डावा डोळा -3.50 देऊनही 6/24 वर अडकला, म्हणजे निरोगी डोळ्याला 24 मीटरवरून दिसणारं अक्षर त्याला 6 मीटरवरून दिसतं. उजवा 6/60, आणि पिनहोल (बारीक छिद्राची चकती) धरूनही एक ओळ पुढे जाईना. पिनहोलनं वाढत नाही ते काचेनं वाढेल अशी आशा धरायची नसते. रेटिनोस्कोपीत (डोळ्यात प्रकाश टाकून नंबर काढण्याच्या तपासणीत) त्या डोळ्याची चमक जेमतेम, आणि स्लिट लॅम्पखाली (डोळ्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली) तपकिरी गाभा स्पष्ट.

म्हणजे इलाज शस्त्रक्रियेचा, आणि ती सरकारीत मोफत होते. अडचण वेळेची. साखर वाढलेली, ती आटोक्यात आल्याशिवाय सर्जन हात लावत नाहीत. बिनटाक्याची एसआयसीएस (लहान छेदाची मोतीबिंदू शस्त्रक्रिया) झाली की नंबर बसायला साधारण सहा आठवडे लागतात. छेद वरून दिलेला असेल तर 90 अक्षावर एखाद-दीड सिलिंडर (एकाच दिशेतला वेगळा नंबर) येतो आणि तोही मधल्या काळात हलत राहतो. मग दुसरा डोळा. तो लांबवता येत नाही: शस्त्रक्रियेनंतर एक डोळा शून्याजवळ आणि दुसरा -3.50 असला की चष्म्यातून दोन मापांची चित्रं दिसतात आणि माणूस पायरीला अडखळतो.

30 दिवसांत हे बसवायचं कुठे? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असून नंबर शस्त्रक्रियेनंतरच ठरेल, असं प्रमाणपत्र जावक क्रमांक टाकून दिलं. संबंधित कार्यालयात फोनवर एकानं सांगितलं, मुदत वाढेल. दुसऱ्यानं सांगितलं, काहीही घ्या पण बिल आणा. लेखी काही आलं नाही. तिकडे दुकानदार जुन्याच नंबरावर बरोबर 3,000 चं बिल फाडायला तयार. असले दुकानदार योजनेची वाट लावतात.

शेवटी नातवाला सांगितलं, पैसा फ्रेमवर घाला, काचेवर नको. पूर्ण रिमची, स्क्रूची धातूची फ्रेम, म्हणजे काच काढता-घालता येते. सुप्रा (अर्ध्या रिमची, खाली दोऱ्यानं काच धरणारी) किंवा रिमलेस नको. काचेची उभी उंची 30 मिमीच्या वर हवी, नाहीतर पुढे बायफोकलच्या खालच्या भागाला जागा उरत नाही. आत्ता डाव्याला साधी -3.50, उजव्याला बिननंबरी. वाचताना चष्मा काढायचा. बिलावर नाव आधारवरचंच, तारीख पैसे जमा झाल्यानंतरची, आणि 'ऑप्टिकल साहित्य' असं मोघम न लिहिता 'चष्मा'. नंबराच्या कागदावर मी खाली लिहून दिलं: शस्त्रक्रियेनंतर फक्त काचा बदलणे.

आजींना थोडं लांबचं दिसू लागलं, बिलही मुदतीत चढलं. पण अर्जाला डोळे तपासल्याचा एकही कागद जोडलेला नव्हता, आणि कुणी मागितलाही नव्हता. तपासणी आधी झाली असती तर शस्त्रक्रिया उरकून मग पैसे मागता आले असते, किंवा याच पैशातून गुडघ्याचा पट्टा आला असता. त्याचीही त्यांना गरज आहेच. मुदत मोजायचीच तर नंबराच्या कागदावरच्या तारखेपासून मोजावी. आता तीन वर्षांच्या आत या योजनेतून पुन्हा चष्मा नाही, तेव्हा नव्या काचांचा खर्च नातवाच्या खिशातून. साखर अजून उतरलेली नाही.