बेलापूरच्या सेक्टर पंधरात, रात्री दहानंतरचं गाणं

नवी मुंबईत लाइव्ह म्युझिक म्हटलं की डोळ्यांसमोर नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम येतं. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम तिथेच झाले. तिथे गाणारा माणूस बहुतेकांनी पडद्यावर बघायचा असतो. मी ज्या जागेबद्दल लिहिते आहे, तिथे गाणारी बाई आपल्यापासून चार हातांवर उभी असते आणि तिने श्वास कुठे घेतला तेही ऐकू येतं. बेलापूरच्या सेक्टर १५ मध्ये एका रहिवासी इमारतीच्या तळमजल्यावर, औषधाचं दुकान आणि इस्त्रीवाल्याच्या शेजारी, दहा-बारा टेबलांचा हा बार आहे. नाव लिहीत नाही, कारण गल्ल्यावर बसणाऱ्या मालकांनीच तशी विनंती केली. वर लोक राहतात, दारात रांग लागायला लागली तर गाणंच बंद करावं लागेल, असं ते म्हणाले. मला ते पटलं. अशा जागा या भागात, वाशीत आणि ठाण्यात घोडबंदर रोडलाही सापडतात, त्यामुळे इथला अनुभव दुसरीकडेही उपयोगी पडेल.

मी ठाण्याची, नौपाड्यात राहते. बरोबर नेरूळला राहणारी नणंद होती. आम्ही दोघीच जाणार म्हटल्यावर घरात आधी शांतता पसरली, मग सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे ऑर्केस्ट्रा बार का गं?" प्रश्न चुकीचा नव्हता. २००५ साली राज्यात डान्स बारवर बंदी आली आणि पुढच्या काळात त्यांतले अनेक ऑर्केस्ट्रा बार झाले, त्यामुळे आपल्याकडे बारमधलं गाणं म्हटलं की तेच चित्र उभं राहतं. अशा बारमध्ये मंचावर बायका किती आणि पुरुष किती असावेत यावर परवान्यात अट होती. ती सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द केली. एकूण आठ कलाकारांची मर्यादा ठेवली, पण त्यात स्त्रिया किती आणि पुरुष किती हे सरकारने ठरवायचं नाही, असा तो निकाल. गाणाऱ्या बाईकडे कलाकार म्हणून बघायचं की नाही, हा प्रश्न त्यात होता आणि माझ्या मते न्यायालयाने त्याचं नीट उत्तर दिलं. आता बघणाऱ्यांनीही तसं बघायला हवं.

जाण्याआधी फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा. "वाजवणारे किती आहेत?" आणि "गाणं ट्रॅकवर आहे का?" बऱ्याच ठिकाणी लाइव्ह म्हणून जे चालतं ते मायनस-वन ट्रॅकवर म्हटलेलं गाणं असतं. गायक खरा असतो, पण मागचा सगळा वाद्यमेळ लॅपटॉपमधून येतो. त्याला वाईट म्हणायचं कारण नाही. पण गाणाऱ्याला लय थोडी रेंगाळवावीशी वाटली, एखादी ओळ पुन्हा घ्यावीशी वाटली, तर ट्रॅक थांबत नाही. दोन माणसं खरी वाजवत असतील तर ती थांबतात. आम्हाला उत्तर मिळालं, "गिटार आहे, कहोन आहे, मॅडम गातात. ट्रॅक नाही." कहोन म्हणजे हाताने वाजवायची लाकडी पेटी. तिथेच टेबल सांगून टाकलं.

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची पनवेल गाडी थेट बेलापूरला जाते, वाशीची धरलीत तर गाडी बदलावी लागते. नणंद नेरूळहून सीवूड्स ओलांडून दुसऱ्याच स्टेशनात उतरली. खारघर, तळोज्याकडून येणाऱ्यांना नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर–पेंधर मेट्रो आहे, मात्र परतीच्या मेट्रोची वेळ आधी बघून ठेवा. स्टेशनवरून सेक्टर १५ ला रिक्षाच करा. रिक्षावाल्याला महापालिकेच्या मुख्यालयाकडे, किल्ले गावठाणाच्या बाजूला म्हणून सांगितलं की पुरतं. चालत जायचा विचार करू नका, मध्ये मोठे रस्ते ओलांडावे लागतात.

आम्ही साडेसातला पोचलो. गाणं आठला सुरू होणार होतं आणि तो अर्धा तास फार कामाचा. कॅप्टनने, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाने, स्पीकरच्या समोरचं टेबल दाखवलं, मी नको म्हटलं. अशा खोलीत तीन जागा टाळाव्यात. स्पीकरच्या थेट समोरची, कारण दोन तासांनी कान बधिर होतात. स्वयंपाकघराच्या दाराजवळची, कारण एक्झॉस्टचा घरघराट तुम्हाला नंतर विसरता येत नाही. आणि गल्ल्याजवळची, कारण तिथे हिशेब चालतो, बाटल्या उघडतात, पार्सलवाले येतात. आम्हाला मंचाच्या डाव्या अंगाला भिंतीलगतचं टेबल मिळालं. मंच म्हणजे वीतभर उंचीचा लाकडी चौथरा. आजूबाजूला ऑफिसातून आलेले लोक, एक मोठं कुटुंब, एकटेच बसलेले दोन काका आणि दिवाळे गावातल्या पाच-सहा जणांचं एक टेबल. दोन बायका एकट्या आल्या म्हणून कुणी मान वळवून पाहिलं नाही. वेटर "मॅडम, काय देऊ?" म्हणाला आणि काम संपलं. मैत्रिणी मला सगळ्यात आधी हेच विचारतात, म्हणून स्पष्ट लिहिते.

खाण्याबद्दल थोडक्यात. शेजारी दिवाळे कोळीवाडा आहे, त्यामुळे मासे मागवा. आमचे बोंबील कुरकुरीत आणि आत लुसलुशीत होते, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं त्याहून चांगलं. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत मासा ताजा आहे का ते विचारा, नाहीतर चना कोळीवाडा आणि मसाला पापडावर भागवा. जेवणाची मोठी ऑर्डर गाणं सुरू व्हायच्या आधी द्या. खरं कारण ताटांचा आवाज, ते पुढे कळेल.

आठला तिघं आले. गिटारवाला पंचविशीचा, कहोनवाला त्याहून थोडा मोठा, आणि गायिका तिशीची. कहोनची पेटी अशी की वाजवणारा तिच्यावरच बसतो आणि पुढच्या फळीवर हाताने वाजवतो. वाद्य मूळचं पेरू देशातलं, पण आपला केहरव्याचा ठेका त्यावर इतका सहज बसतो की आता छोट्या जागांमध्ये तबल्याऐवजी तेच दिसतं. पहिले दोन तास जुनी हिंदी गाणी, मधूनच मराठी भावगीतं. गायिका काळी चार या पट्टीत गात होती, ओठ माइकला जवळजवळ टेकवून. कुजबुजल्यासारखा तो आवाज फार सुंदर होता. मी लहानपणी काही वर्षं गाणं शिकले आहे, त्यामुळे मला दिसत होतं की ती माइक वाद्यासारखा वापरते आहे. खालच्या स्वरांना जवळ यायची, तार सप्तकात गेली की मान मागे घ्यायची.

दहा वाजायला पाच मिनिटं असताना मालक गल्ल्यावरून उठले आणि मंचाशी जाऊन नुसते उभे राहिले. गिटारवाल्याने मान डोलावली. पहिल्यांदा कहोनचा माइक बंद झाला, मग गिटारची वायर निघाली, शेवटी गायिकेचा माइक.

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आपल्याला गणपतीत आठवतात. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद. बंदिस्त सभागृहांना त्यात सवलत आहे आणि बरेच बार तिच्या आधारावर चालू ठेवतात. इथले मालक ती सवलत घेत नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "काच लावली की बाहेर आवाज जात नाही, पण वर जातो. स्लॅबमधून धमधम जाते. वरच्या घरात लहान मूल आहे." खालचे, जड स्वर भिंती आणि स्लॅबमधून सगळ्यात सहज जातात. म्हणूनच कहोनचा माइक आधी बंद होतो. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, म्हणजे मऊ बोलण्याच्या आसपास.

पण गाणं संपलं नाही. कॅप्टनने टीव्ही बंद केला, एका एसीचा पंखा कमी केला, स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. गायिकेने पुढचं भावगीत धरलं आणि दोन ओळींत लक्षात आलं की माइकवरची ती कुजबुज आता तिसऱ्या टेबलापर्यंतही जात नाही. तिने न थांबता गिटारवाल्याला दोन बोटं दाखवली. त्याने कापो, म्हणजे गिटारच्या तारा दाबून धरणारा चिमटा, दोन घरं वर सरकवला, पट्टी एक पूर्ण स्वर चढली, आणि तिने तेच गाणं छातीतून, मोकळ्या आवाजात घेतलं. शब्द तेच, चाल तीच, पण गाणं वेगळं झालं. नणंद माझ्या कानाशी म्हणाली, "वहिनी, ही आता खरं गातेय."

मी तिच्याशी पूर्ण सहमत नाही. आधीचं गाणंही खरंच होतं. भावगीत हा प्रकारच ध्वनिमुद्रिका आणि रेडिओच्या काळात वाढला, एकट्या श्रोत्याच्या कानाशी बोलणारा. त्याला माइक लागतो. संगीत नाटकातली पदं माइक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत पोचवली जायची, कोळीगीतं तर उघड्यावर, वाऱ्यात म्हटलेली. त्यामुळे दहानंतर या खोलीत कोणतं गाणं उभं राहील हे गाण्याच्या जन्मावर ठरतं, असं मला तिथे बसल्या बसल्या जाणवलं. आणि दिवाळ्याच्या टेबलावरून जेव्हा कोळीगीताची फर्माईश आली तेव्हा त्याचा पुरावाच मिळाला. सहा मात्रांचा झोका कहोनवर सुरू झाला, हाताच्या पंजाऐवजी नुसत्या बोटांनी, वर आवाज जाऊ नये म्हणून. त्या टेबलावरच्या सगळ्यांत वयस्कर माणसाने धृपद उचललं. गायिका गप्प झाली आणि त्यांना गाऊ दिलं. तिने फक्त कडवी म्हटली. असं करायला मोठं मन लागतं. मंच तिचा होता, पण गाणं त्यांचं आहे हे तिने ओळखलं.

त्या अर्ध्या तासात कुणी मोठ्याने बोललं नाही. वेटर प्लेट ठेवताना आधी करंगळी टेकवायचा आणि मग प्लेट. अशा खोलीत ऐकणाऱ्यांचं वागणं हा गाण्याचाच भाग असतो. एका टेबलाने वाढदिवसाचा गलका केला असता तर हे घडलंच नसतं. जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की साडेनऊला निघून जाल तर मुख्य गोष्ट चुकेल, आणि दहानंतर थांबणार असाल तर गप्प बसायच्या तयारीने थांबा. फोनवर चित्रण करायचं असेल तर आधी विचारा. गायिकेने आम्हाला नम्रपणे नको सांगितलं.

फर्माईश चिठ्ठीवर लिहून दोन गाण्यांच्या मध्ये द्या, ओरडून नको. गिटारच्या पेटीवर यूपीआयचा कोड चिकटवलेला असतो. बक्षीस त्यावर पाठवा किंवा मध्यंतरात हातात द्या. नोटा उडवायच्या नाहीत. तो कलाकाराचा अपमान आहे, आणि डान्स बारच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये टिप द्यायला मुभा देऊन पैसे उडवण्यावरची बंदी कायम ठेवली होती. बिलात सेवा शुल्क लावलं असेल तर ते ऐच्छिक असतं. ते काढायला सांगून तेवढे पैसे वाजवणाऱ्यांना द्या, हा माझा आग्रह.

परवान्याचं लोकांना माहीत नसतं म्हणून सांगते. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी कायद्याने परवाना लागतो, विदेशी मद्याचा एक दिवसाचा पाच रुपयांत मिळतो आणि आयुष्यभराचा हजार रुपयांत. वयाची अट दारूसाठी २५, सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१. वीस-बावीस वर्षांच्या भाचरांना गाणं ऐकवायला नेत असाल तर ओळखपत्र बरोबर असू द्या. आमच्या टेबलावर नणंदेची एक बिअर आणि माझा लिंबू सोडा होता, दोन्हींना सारखाच मान मिळाला.

गाडी चालवणारा एक थेंबही पिणार नाही हे आधी ठरवा. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पाम बीच रोड रात्री मोकळा दिसतो आणि तिथे वेग आपसूक वाढतो, म्हणून हे जास्तच महत्त्वाचं. आम्ही पावणेअकराला उठलो. सेक्टर १५ च्या नाक्यावर त्या वेळी रिक्षा होत्या, पण ठाण्याला परतायचं असेल तर शेवटच्या गाड्यांची वेळ संध्याकाळीच बघा. मी रात्री नणंदेकडे राहिले आणि तेच सोयीचं.

वार निवडताना शुक्रवार-शनिवार टाळा. त्या दिवशी गर्दी आणि गलका असतो, आणि मालकांच्या म्हणण्याप्रमाणे दहानंतरचं गाणं त्या रात्री बहुतेक होतच नाही. बुधवार किंवा गुरुवार उत्तम. २ ऑक्टोबर आणि मतदानाच्या आसपासचे दिवस कोरडे असतात, म्हणजे दारू मिळत नाही, तेव्हा फोन करूनच निघा. आणि फोनवर तिसरा प्रश्नही विचारा, जो आम्ही विचारला नव्हता पण आता नक्की विचारू, "दहानंतर बिनमाइकचं गातात का?"