मल्हारगडाने घाम काढला

पाय अजून थरथरतायत, म्हणून बसूनच लिहितोय. आज चौघं जण सायकलींवर मल्हारगडाला जाऊन आलो. पहाटे साडेपाचला हडपसर सोडलं. दिवे घाट सगळ्यांना पाठ, वारीत तर चालून झालाय. वर एकदा थांबून मस्तानी तलाव बघितला आणि पुढे झेंडेवाडीकडे वळलो. खरी गंमत तिथून. डांबर संपलं की सुटी खडी आणि मध्येच बैलगाडीच्या चाकोऱ्या. सगळ्यात हलक्या गिअरवरही मागचं चाक जागच्या जागी फिरत होतं. शेवटचा चढ सायकल खांद्यावर घेऊनच. (फोटोत हे दिसणार नाही, याची काळजी घेतलीय.)

पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी बांधलेला हा गड तसा छोटासाच. खंडोबाच्या देवळापाशी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

उतरताना बाभळीचा काटा घुसला. ट्यूब बदलली, तर पंपाचा वॉशर गेलेला! सोनोरीच्या एका आजोबांनी घरचा पंप दिला, वर चार सीताफळं. येताना बोपदेव घाटात ब्रेक दाबून बोटं आखडली. दाद्या तेवढ्यात विचारतो, "पुढच्या रविवारी पुरंदर?" ग्रुपवर अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.