सव्वादोनला जायचं असेल तर साडेबाराला बसा

बेंगळूरच्या फॅन मेळ्यात, म्हणजे कॉमिक आणि सिनेमावेड्यांच्या जत्रेत, सव्वादोनचा नट बघायचा असेल तर सव्वादोनला जाऊ नये. दोनलाही नको. साडेबाराला त्या स्टेजवर जे काही चाललेलं असेल, कुणाचंही, कशावरही, त्याला जाऊन बसावं.

कारण साधं आहे. एक पॅनेल, म्हणजे पाहुण्यांच्या स्टेजवरच्या गप्पा, संपलं म्हणून समोरची जागा कुणी रिकामी करून घेत नाही. अमेरिकेत सॅन डिएगोला 1970पासून कॉमिक-कॉन नावाचा असाच मेळा भरतो, तिथंही हीच रीत. तिथल्या हॉल एचमध्ये साधारण 6,500 माणसं बसतात, आणि सकाळी आत शिरलेला माणूस संध्याकाळच्या पाहुण्यासाठी दिवसभर खुर्ची धरून ठेवू शकतो. म्हणून लोक आदल्या रात्रीपासून फुटपाथवर पथारी टाकतात. आपल्याकडं कॉमिक कॉन 2011ला दिल्लीतनं सुरू झाला. इकडच्या मेळ्यांत रात्रीची रांग अजून बघितली नाही, पण पुढच्या पंधरा ओळी दुपारी साडेबारालाच भरतात आणि तिथला माणूस मग तहान लागली तरी उठत नाही. बेळगावजवळच्या कडोलीच्या नाहीतर उचगावच्या साहित्य संमेलनाची सवय असलेल्याला हे जड जातं. आमच्याकडं जेवणाची घोषणा झाली की अर्धा मंडप उठतो आणि पुढच्या खुर्च्या आपोआप मिळतात.

बेळगावहून रात्रीची सुपरफास्ट धरली की सकाळी बेंगळूर. वंदे भारत 2025च्या ऑगस्टपासून आहे, झकास आहे, पण ती पहाटे सुटून दुपारी पोचवते, म्हणजे पॅनेलसाठी बिनकामाची. निपाणीच्या पोरांना रेल्वेच नाही, ती हायवेनं बसमधनं येतात आणि पोचल्यापासून मान चोळत बसतात. बेंगळूरच्या स्टेशनाला नाव क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णांचं, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचं. खानापूर तालुक्यातल्या नंदगडला ज्यांना 1831ला फाशी दिलं ते हे रायण्णा. स्टेशनापासनं जांभळी मेट्रो थेट व्हाइटफिल्डकडं, मेळा भरतो तिकडं, जाते, 2023च्या ऑक्टोबरपासून मध्ये उतरून बदलायची कटकट राहिली नाही. तासभर धरा.

गेटवर दोन गोष्टी अडतात. एक खाणं. आमचा अर्धा किलो कुंदा आत सोडेनात. टाकून द्यायचा प्रश्नच नव्हता, तेव्हा आठ जणांनी कचऱ्याच्या डब्याशेजारी उभं राहून सकाळी दहाला संपवला. दुसरी अडचण मोबाइलची. हजारो फोन एकाच टॉवरवर लटकले की तिकिटाचा क्यूआर उघडत नाही, आणि मागची रांग तुमच्या मानेवर श्वास सोडायला लागते. तिकिटाचा स्क्रीनशॉट घरीच काढून गॅलरीत ठेवावा. आत यूपीआयचंही तेच, चक्र फिरत राहतं. पाचशेच्या नोटा नकोत, शंभराच्या ठेवा. मनगटावरची कागदासारखी पट्टी स्वयंसेवकाच्या हातानं बांधून घ्यावी लागते, तेव्हा आत एक बोट जाईल इतकी सैल ठेवायला सांगायचं. ती फाटत नाही, भिजत नाही, नुसती दिवसभर कापत राहते.

आता स्टेज. सगळ्यात पुढं बॅरिकेडला चिकटून उभं राहण्यात काही अर्थ नाही, असं माझं ठाम मत झालंय. नट जवळनं दिसतो हे खरं, पण आवाजाचे मोठे खोके तुमच्या डोक्यावरनं मागं फेकत असतात. तुम्हाला ऐकू येते ती नुसती बासची धडधड. पत्र्याच्या उंच छताचा हॉल असला तर आणखी वाईट. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे मागच्या भिंतीवर आपटून परत यायला पाव सेकंद सहज लागतो, आणि प्रत्येक शब्दावर त्याचाच आधीचा शब्द चढतो. चांगली जागा एकच, साउंडवाल्याच्या टेबलाशेजारी. तो माणूस जे ऐकतो तेच बरं करत बसलेला असतो, त्यामुळं त्याच्या आसपासच्या दहा-बारा फुटांत बोलणं स्वच्छ कळतं. तिथं जमिनीवर केबलची पट्टी असते, तेवढी तुडवू नका, तो ओरडतो.

साडेबाराला त्या दिवशी कॉमिकमधल्या अक्षरांवर बोलणं चाललं होतं. नटासाठी जागा धरायला आलेली शेदोनशे पोरं मान खाली घालून मोबाइल बघत होती. बोलणारा पडद्यावर एकच फुगा मोठा करून दाखवत होता. इंग्रजी कॉमिकात फुग्यातली अक्षरं सगळी मोठ्या लिपीतली असतात. वर काही नाही, खाली काही नाही, म्हणून ओळी एकमेकींना खेटून बसतात. त्याच फुग्यात हिंदी नाहीतर मराठी घालायला गेलं की वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. ओळींत अंतर सोडावंच लागतं, चार ओळींच्या जागेत तीनच मावतात. मग अक्षर बारीक करायचं, की वाक्य कापायचं, की चित्रकाराच्या पाया पडून फुगा वाढवून घ्यायचा? त्यानं दाखवलेल्या फुग्यात वरच्या ओळीतला ‘कु’चा उकार खालच्या ओळीतल्या ‘ती’च्या वेलांटीत घुसला होता, आणि शब्द तिसराच काहीतरी दिसत होता. दुसरी गंमत शेपटीची. फुग्याची शेपटी तोंडापर्यंत नेऊन टेकवायची नाही, तोंडाच्या दिशेनं नेऊन मध्येच थांबवायची. टेकवली की माणूस फुगा फुंकतोय असं वाटतं. नंतरच्या नटाच्या पॅनेलमधलं आता फारसं आठवत नाही, ती शेपटी आठवते.

आणि मग माइकची रांग. या एका गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलोय.

चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या पॅनेलात प्रश्नांना शेवटची पंधरा मिळतात. माणशी दीड मिनिट धरा, दहा प्रश्न. स्वयंसेवक त्या हिशेबानं रांग तोडतात, अकरावा माणूस परत जातो. आता पहिल्यानंच ‘सर, मला एक प्रश्न विचारायचाय, पण त्याआधी…’ असं सुरू केलं की संपलं. तो लहानपणापासून किती मोठा फॅन आहे, त्याची आई पण आहे, मोबाइलचा वॉलपेपर काय आहे, हे सगळं होऊन प्रश्न आलाच नाही. सर, एक मिठी मिळेल का, एवढं मात्र आलं. पाच मिनिटं गेली. हा प्राणी आमच्या संमेलनांतही असतो, फक्त तिथं तो ‘अध्यक्षमहोदय, दोनच शब्द’ म्हणतो आणि त्याला चिठ्ठी पाठवून खाली बसवता येतं. इथं टाळ्या मिळतात.

बरं, प्रश्न विचारणाऱ्याला हेही ठाऊक नसतं की स्टेजवरच्या माणसाला त्याचं निम्मं ऐकू येत नाही. मोठे खोके प्रेक्षकांकडं तोंड करून असतात, नटाच्या पायाशी असलाच तर एक लहान खोका. त्याच्या कानावर पडतो तो छतावरनं परतलेला गाळ. म्हणून तो ‘सॉरी?’ म्हणतो आणि आपल्याला वाटतं की शिष्ट आहे. माइक तोंडापासून चार बोटं लांब, सरळ धरायचा. जाळी मुठीत पकडली की माइक चहूबाजूंचा आवाज ओढायला लागतो आणि शिट्टी वाजते. तो हातात घेऊन खोक्याच्या पुढं गेलात तरी वाजते. आधी कशाबद्दल विचारतोय ते सांगा, मग एका वाक्यात प्रश्न, मग गप्प. कागदावर लिहून न्या, तिथं पोचल्यावर भल्याभल्यांची वाचा बसते.

आमच्यातला खानापूरचा पोरगा दहावा होता. नट कन्नड सिनेमातला. पोरानं बेळगावकडच्या कन्नडात सुरुवात केली, ‘ह्यांग अदीरि सर?’, म्हणजे कसे आहात. बेंगळूरकर त्यालाच ‘हेगिद्दीरा’ म्हणणारे. हॉलभर शिट्ट्या, नट खूश, त्यानंही ‘रि’ लावून दोन वाक्यं ओढूनताणून बोलून दाखवली, परत शिट्ट्या. तेवढ्यात निवेदिकेनं वेळ संपल्याचं सांगितलं. फायटिंगमध्ये पडताना गुडघ्याला काय बांधता, हा त्याचा खरा प्रश्न खिशातल्या चिठ्ठीवर तसाच राहिला. रांगेतनं बाहेर आल्यावर त्याला कुणीतरी विचारलं, ‘काय करूलास रे तिकडं?’ तो काही बोलला नाही.

कॉस्प्ले करून, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश घालून, जाणाऱ्यांसाठी थोडं. चिलखत चपलेच्या तळव्याच्या फोमचंच असतं, 5 किंवा 10 मिलिमीटरचं. ग्लू-गननं चिकटवलेले सांधे बसच्या डिकीतल्या उन्हात सुटतात, निपाणीच्या एकाचा खांदा तुमकूरपर्यंत पोचलाच नाही. रबरी सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावायचं, बोटाला ओलं लागेनासं होईपर्यंत दहा मिनिटं थांबायचं आणि मगच एकदाच दाबायचं. चिकटलं की हलत नाही. पट्टे मात्र खऱ्या चामड्याचे करून घ्या, अथणीला चपला करणारे कारागीर असताना फोमचा पट्टा लावणं ही लाज आहे.

सही घ्यायची तर गुळगुळीत कव्हरवर शाई लगेच वाळत नाही, मिटवलं की समोरच्या पानावर उमटते. मध्ये टिश्यू ठेवा. काळ्या कव्हरला चंदेरी मार्कर स्वतःचा न्या. पोस्टरसाठी प्लंबिंगचा पाइप घेऊन गेलात तर गेटवर तो बंदुकीसारखा तपासतात. शहापूरच्या कापडदुकानात थानाची पुठ्ठ्याची नळी मागितली की फुकट मिळते. पोस्टरच्या रुंदीहून दोन बोटं जास्त ठेवून करवतीनं कापायची आणि दोन्ही तोंडांना प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा रबर लावून बसवायचा.

परतीची गाडी रात्रीची, मेट्रोला तास, स्टेशनावर जेवण. हा हिशेब मांडला की दिवसाचं शेवटचं पॅनेल बेळगावच्या माणसाच्या नशिबात नसतं. आम्ही गेटपाशी पोचलो तेव्हा मागं एकदम आरोळी उठली, पत्रे हलावेत तशी. कोण आलं असंल, यावर नल्लूरहळ्ळीच्या मेट्रो स्टेशनापर्यंत वाद चालला. गर्दीत नळी आडवी धरता येत नव्हती, म्हणून मी ती डोक्यावर उभी धरून उभा होतो.