चौथी गुटी

डाळिंबाचं झाड तोडायचं काम म्हणून फोन आला होता. सोलापूरच्या पूर्व भागातलं जुनं घर, खाली यंत्रमागाची शेड, वर राहायची जागा. घर विकलं होतं. दिवाळीनंतर ताबा द्यायचा होता आणि घेणाऱ्याला मागचं परसू मोकळं हवं होतं. रोपवाटिका सांभाळून मी छाटणी-तोडणीची कामंही घेतो, म्हणून करवत-कोयता घेऊन गेलो. पहिला पाऊस नुकताच पडून गेला होता.

अम्मा झाडाखाली पाटावर बसलेल्या. उठायला तयार नाहीत.

"मुळासकट काढून पुण्याला न्यायला येईल का रे?"

"नाही, अम्मा. एवढं जुनं झाड या काळ्या मातीतून काढलं तर मुळं तुटणार. जगणार नाही."

या धंद्यात खोटा दिलासा द्यायची सवय लागू देऊ नये, असं माझं मत आहे. झाड मेल्यावर माणूस स्वतःलाच दोष देत बसतो.

थोरला मुलगा म्हणाला, "मी तेच सांगतोय. भगव्याचं रोप कुंडीत लावून देतो, दाणे याच्यापेक्षा लाल." दाण्यांचं त्याचं बरोबरच होतं. हे झाड गणेश जातीचं, दाणे फिकट गुलाबी, बी मऊ. आता आपल्याकडं जिथं बघावं तिथं भगवा. पण अम्मांना दाणे नकोच होते.

लग्न होऊन आल्यापासून त्यांना मागांच्या खटखटीत झोपायची सवय. नवरा गेला, पुढं माग भंगारात गेले, आणि त्या रात्रीपासून शांततेनं झोप लागेना. पहाटे उठून परसात यायच्या. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, म्हणून तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं पाणी बादलीत साठवून या झाडाला घालायच्या. झाड नवऱ्यानं लावलेलं. वाळकी काडी मोडायची, फुलं मोजायची, त्याच्याशी तेलुगूत बोलायचं. "नाहीतर त्या शांततेत काय केलं असतं मी?"

मी गुटी बांधायचं सुचवलं. डाळिंबाचं बी लावलं तर रोप आईसारखंच निघेल याचा भरवसा नसतो, पण गुटीचं रोप म्हणजे तेच झाड. पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्यायची, दोन-अडीच सेंटिमीटर साल गोल काढायची. आतल्या लाकडातून पाणी वर जात राहतं, पण पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली उतरतं, ते तिथंच अडतं. त्या जागी मुळं फोडणारं संजीवक लावून ओलं शेवाळ प्लास्टिकनं घट्ट बांधलं की महिना-दीड महिन्यात पांढरी मुळं दिसायला लागतात. त्यासाठी पावसाळ्यासारखा दिवस नाही.

"किती बांधू?"

"चार."

मुलं तीन. दोघं मुलगे, एक मुलगी. थोरला म्हणाला, "चौथी कुणाला?" अम्मांनी दिराचं नाव घेतलं. मागांच्या वाटणीवरून दोन घरांचं बोलणं तुटलेलं, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की थोरला मोबाइल काढून बघत राहिला आणि धाकटा आत निघून गेला. माझ्याही घरात बांधावरून दोन चुली झाल्यात, त्यामुळं तसली गप्प बसण्याची रीत मला ओळखीची आहे. मी मान खाली घालून साल काढत राहिलो. अम्मा फांद्या दाखवत गेल्या: ही याची, ही तिची. दिरासाठी त्यांनी सगळ्यात जोमदार फांदी निवडली.

एकदोन गुट्या वाळतात म्हणून मी नेहमी जास्तीच्या बांधतो, तशाच बांधल्या. मुळं धरल्यावर कापून पिशव्यांत भरल्या आणि रोपवाटिकेत सावलीला ठेवल्या. तिघं आपापली रोपं घेऊन गेली. पैसे देताना थोरल्यानं चौघांचे दिले, वर म्हणाला, "ते तुम्हीच पोचवा."

पोचवलं. म्हातारबाबांनी पिशवी हातात घेऊन आधी पानांची मागची बाजू बघितली. म्हणजे जाणकार. पाणी किती, ऊन किती, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, "मूळ झाड तोडलं का?"

"अजून नाही. दिवाळीनंतर."

"एकदा बघायचंय."

मी थोरल्याचा नंबर द्यायला फोन काढला.

"राहू दे," ते म्हणाले, "नंबर आहे माझ्याकडं."