३५२ की ३६४?

थंडीत पहाटे स्टॅक मॉनिटरवरचा, म्हणजे चिमणीतून बाहेर जाणाऱ्या हवेतले किरण मोजणाऱ्या यंत्रावरचा, आयोडिनचा आकडा थोडा चढतो, हे अणुवीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये नव्या पोरालाही ठाऊक असतं. "रेडॉन आहे हो, उन्हं वर आली की उतरेल," असं म्हणायचं आणि चहा सांगायचा. बहुतेक वेळा ते खरंही असतं. जमिनीत जिथंतिथं थोडंफार युरेनियम असतं, त्याच्या वंशावळीत पुढं रेडियम येतं आणि रेडियमपासून रेडॉन हा वायू. थंडीत वारा पडला की रात्री जमिनीलगतची हवा गार होते, उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी बसते. याला इन्व्हर्जन म्हणतात. जमिनीतून निघालेल्या रेडॉनला मग वर जायला वाटच राहत नाही आणि पहाटेपर्यंत तो साचत जातो. केंद्राचे पंखे हीच हवा आत ओढतात, ती इमारतींमधून फिरते, फिल्टरमधून जाते आणि शंभर मीटर उंच स्टॅकमधून बाहेर पडते. फिल्टरला धूळ अडते, वायू नाही. मॉनिटर तर हवा कुठून आली हे विचारतच नाही, किरण दिसले की मोजतो.

आयोडिनच्याच आकड्यात घोळ होतो, त्यालाही कारण आहे. आयोडिन-१३१, म्हणजे भट्टीत युरेनियम फुटताना जन्मणारं किरणोत्सारी आयोडिन, ओळखायचं ते त्याच्या ३६४ किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या गॅमा किरणावरून. रेडॉनच्या पोटी जन्मणारं लेड-२१४ किरण टाकतं ३५२चा. ऑनलाइन मॉनिटरमधल्या सोडियम आयोडाइडच्या डिटेक्टरला एवढा बारीक फरक कळत नाही. त्यातून रेडॉन कोळशाला चिकटतो, आणि आयोडिन पकडायला आम्ही वापरतो तोही कोळसाच.

मी तेव्हा हेल्थ फिजिक्समध्ये, म्हणजे किरणांपासून माणसं जपणाऱ्या विभागात होते. केंद्राचं नाव सांगत नाही. २२० मेगावॉटच्या जड पाण्याच्या अणुभट्ट्या, महाराष्ट्राबाहेरची जागा, एवढं पुरे. त्या जानेवारीत "रेडॉन आहे" असं म्हणून मोकळं होता येत नव्हतं, कारण एका भट्टीत एक इंधनाचा बंडल फुटका निघाला होता.

फुटका म्हणजे काही फार भयंकर नव्हे. अर्धा मीटर लांबीचा बंडल, त्यात एकोणीस नळ्या, नळीत नैसर्गिक युरेनियमच्या गोळ्या. एखाद्या नळीच्या झिरकॅलॉय या मिश्रधातूच्या आवरणाला केसाएवढी भेग पडली तरी आतले वायू आणि आयोडिन भोवतीच्या जड पाण्यात उतरायला लागतात. आमच्या भट्टीत असे ३०६ चॅनेल, प्रत्येकात बारा बंडल. उशिरा निघणारे न्यूट्रॉन मोजून फुटका बंडल कुठल्या चॅनेलात आहे ते शोधतात, आणि भट्टी चालू ठेवूनच दोन्ही टोकांना फ्युएलिंग मशीन लावून तो काढून टाकतात. चॅनेल सापडला होता. बंडल काढायचं काम त्याच दिवशी सकाळच्या शिफ्टला होतं.

पहाटे पाचच्या सुमारास फोन वाजला. शिफ्टवरचा आमचा टेक्निशियन अकोल्याकडचा, बोलणं मोजकं. "मॅडम, आयोडिन वर चाललं. हळूहळू, पण थांबत नाही. अलार्म नाही अजून. साहेब विचारून राहिले, बॉक्स-अप करायचं का?"

बॉक्स-अप म्हणजे रिॲक्टर बिल्डिंगचे हवेचे डॅम्पर (झडपा) बंद करून ती बाहेरच्या जगापासून तोडून टाकायची. अलार्मच्या वरची पातळी गाठली तर ते आपोआप होतंच. पण आधीच हाताने केलं, तर आतली माणसं बाहेर काढावी लागणार, बंडल काढायचं काम पुढं ढकललं जाणार आणि ज्याच्यामुळे हे सगळं चाललंय तो बंडल आणखी काही दिवस आतच आयोडिन सोडत बसणार. नाही केलं आणि आकडा खरा निघाला, तर ते आयोडिन गावाकडे जाणार. शिफ्ट इंजिनिअरच्या जागी मी असते तर मीही हेल्थ फिजिक्सवाल्यांनाच झोपेतून उठवलं असतं.

जीपमधून येताना मी घड्याळाआधी गाव बघितलं. पलीकडच्या वस्तीत चुली पेटल्या होत्या आणि सगळ्या घरांचा धूर कौलांच्या जरा वर जाऊन आडवा पसरला होता, वर जायचं नावच नाही. हवामानाच्या मनोऱ्यावरचे थर्मामीटर पुढं तेच सांगणार होते. इन्व्हर्जन चांगलं घट्ट बसलेलं होतं.

याचा एक अर्थ बरा, एक वाईट. बरा असा, की आमच्या स्टॅकचं तोंड धुराच्या या थराच्या बरंच वर असतं. तिथून सुटलेली हवा पातळ पट्ट्यासारखी आडवी लांब जाते, जमिनीला टेकत नाही. वाईट असा, की ऊन तापायला लागलं की हा थर खालून वर ढवळला जातो आणि वर तरंगणारा पट्टा एकदम खाली येतो. जानेवारीत हे साधारण नऊच्या पुढं. म्हणजे खरं काय ते नऊच्या आत कळायला हवं होतं. एरवी सोपा उपाय असतो: कोळशातून स्वच्छ हवा सोडून रेडॉन हुसकायचा आणि कोळसा ठेवून द्यायचा. मागं राहिलेली रेडॉनची पिलावळ तीनेक तासांत संपते, आयोडिनला निम्मं व्हायलाच आठ दिवस लागतात. तेवढा वेळ थांबलो असतो तर उत्तर नऊला मिळालं असतं आणि उपयोग शून्य.

स्टॅकमधून हवेचा नमुना सतत ओढला जातो. आधी काचतंतूचा फिल्टर पेपर, त्यावर कण बसतात. मग कोळशाच्या दाण्यांनी भरलेली छोटी गोल डबी, कार्ट्रिज. त्यापुढं क्रिप्टॉन-झेनॉनसारखे वायू मोजायची कुपी. ट्रिशियमची (किरणोत्सारी हायड्रोजनची) वाट वेगळी, ती हवा पाण्यात बुडबुड करत सोडतात. कार्ट्रिजवर हवा कुठून शिरली ते दाखवणारा बाण असतो. टेक्निशियनने नवी डबी बसवून जुनी प्लास्टिकच्या पिशवीत घातली, वेळ लिहिली, आणि मी न सांगता बाणाचं तोंड वर ठेवून माझ्या हातात दिली.

बाण महत्त्वाचा, कारण आयोडिन कोळशाला दिसेल तिथं धरतं, म्हणजे डबीच्या पुढच्याच थरात बसून राहतं. रेडॉन आरपार हिंडतो. म्हणून डबी आधी सुलटी मोजायची, मग उलटी. पुढची बाजू खूप जास्त आली तर आयोडिन, दोन्ही सारख्या आल्या तर रेडॉन. आमच्याकडे पुढची बाजू जास्त आली, पण थोडीच. धड हे नाही, धड ते नाही.

मग जर्मेनियमचा डिटेक्टर. त्याला उणे १९६ अंश सेल्सियसच्या द्रव नायट्रोजनने गार ठेवावं लागतं, आणि नायट्रोजनचा डबा भरायचं काम असं आहे की ते झालेलं असलं तर कुणाच्या लक्षात येत नाही. झालेलं होतं. त्या माणसाला दिवाळीत मिठाईचा डबा गेला, इतकंच सांगते. जर्मेनियमला ३५२ आणि ३६४ ही दोन वेगळी शिखरं दिसतात, मध्ये चांगलं मैदान सोडून. डबी शिशाच्या कोठीत ठेवली, मोजणी सुरू केली. पहिल्या मिनिटाभरातच २९५, ३५२ आणि पुढं ६०९ अशी रेडॉनच्या घराण्याची शिखरं उभी राहिली. ३६४च्या जागी मैदान.

याच सुमारास मुख्य दारावर दुसरी गंमत झाली. पहिल्या शिफ्टला येणारा कँटीनचा एक पोरगा आत *शिरताना* पोर्टल मॉनिटरने, म्हणजे माणसाच्या अंगावरचे किरण मोजणाऱ्या चौकटीने, ओरडा केला. पोरगा घाबरून रडकुंडीला आलेला. नायलॉनचं जॅकेट घालून तो दूरवरून मोटरसायकलवर आला होता. कोरड्या थंडीत नायलॉनवर स्थिर वीज साठते आणि हवेतले रेडॉनचे किरणोत्सारी कण त्यावर गोळा होतात. जॅकेट काढायला लावलं, पोरगा स्वच्छ. अशी सगळ्यात गाजलेली गोष्ट अमेरिकेतली. १९८४च्या डिसेंबरात पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक केंद्रात स्टॅनली वॅट्रस नावाचा इंजिनिअर आत जाताना अलार्म वाजवायचा. शेवटी शोध त्याच्या घरापर्यंत गेला. घरातल्या हवेत घनमीटरला सुमारे एक लाख बेकरेल, म्हणजे सेकंदाला लाखभर अणू फुटतील इतका, रेडॉन निघाला. रेडॉन घरात साचू शकतो याकडे अमेरिकेचं लक्ष गेलं ते यावरून.

शिफ्ट इंजिनिअरला जॅकेटची बातमी लगेच कळली. त्यांचा फोन आला. आवाज एकदम मोकळा झालेला. हवेत रेडॉन भरलाय हे आता दारावरच सिद्ध झालं, तुमच्या डिटेक्टरवरही तेच दिसतंय, तर लॉगबुकात रेडॉन लिहू आणि बंडलच्या कामाला लागू, असं त्यांचं म्हणणं.

मी म्हटलं, "साहेब, रेडॉन आहे हे सिद्ध झालं. आयोडिन नाही हे कुठं झालं?"

ते काही क्षण बोलले नाहीत. मग म्हणाले, "किती वेळ?"

"मोजणी पुरी होऊ द्या."

माणूस चांगला होता. चिडला, पण थांबला. मला या कामातली हीच जागा सगळ्यात अवघड वाटते. वाईट बातमी असली की सगळे पुरावा मागतात, दुसऱ्यांदा मोजा म्हणतात, यंत्र तपासा म्हणतात. बरी बातमी आली की तिचा पुरावा कुणीच मागत नाही.

मोजणीच्या शेवटाकडे ३६४वर छोटासा उंचवटा आला. ३५२च्या शेजारी तो अगदीच केविलवाणा होता, पण यादृच्छिक चढउताराच्या वर, नक्की. म्हणजे आकड्याचा मोठा भाग रेडॉनचा आणि एक बारीक वाटा खऱ्या आयोडिनचा, आमचा. हिशेब केला तेव्हा तो दिवसाला बाहेर सोडायच्या मर्यादेच्या खूप खाली निघाला. बॉक्स-अपची गरज नव्हती. पण शून्यही नव्हतं, आणि त्याच दिवशी फुटका बंडल हलवायचा होता.

लॉगबुकात दोन्ही लिहिलं. साहेबांनी रिॲक्टर बिल्डिंगची बाहेर जाणारी हवा कोळशाच्या मोठ्या बँकेतून वळवली. ही बँक कायम लावून ठेवत नाहीत, कारण दमट हवेने कोळशाची आयोडिन धरायची ताकद उतरते. नुसता कोळसा असतो तोही नाही, त्याला पोटॅशियम आयोडाइडसारख्या रसायनांचा हात दिलेला असतो, नाहीतर मिथाइल आयोडाइड हा आयोडिनचा लबाड अवतार निसटतो. ब्रिटनमधल्या विंडस्केलच्या अणुभट्ट्यांच्या चिमण्यांवर भौतिकशास्त्रज्ञ जॉन कॉकक्रॉफ्ट यांनी हट्टाने फिल्टर बसवून घेतले होते. वरती बसवलेल्या त्या बोजड डोक्यांना लोक 'कॉकक्रॉफ्टचा मूर्खपणा' म्हणत. ऑक्टोबर १९५७मध्ये तिथं आग लागली तेव्हा त्याच फिल्टरांनी पुष्कळ कण अडवले. आयोडिन मात्र बव्हंशी त्यांतून निघून गेलं, आणि सुमारे ५०० चौरस किलोमीटरमधलं दूध ओतून द्यावं लागलं. कणांचा फिल्टर तो कणांचा. आयोडिनला कोळसाच लागतो. क्रिप्टॉन-झेनॉनला तर तोही जेमतेम उशीर लावतो, बाकी भिस्त उंचीवर आणि वाऱ्यावर. (ट्रिशियमवाली जड पाण्याची वाफ आम्ही ड्रायरने इमानदारीत परत गोळा करतो, आणि त्याचं पुण्य निम्मं तरी जड पाण्याच्या किमतीचं आहे.)

नऊनंतर गावातला धूर सरळ वर जायला लागला. पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळेची गाडी तोपर्यंत वाऱ्याच्या दिशेच्या गावात हवेचा सॅम्पलर लावून उभी होती. स्टॅकचा आकडा उन्हाबरोबर उतरला, पण नेहमी उतरतो तितका खाली आला नाही. नेहमीचा आणि त्या दिवशीचा, या दोन तळांमधलं अंतर हाच तो खरा वाटा. दुपारपर्यंत बंडल मशीनमध्ये आला आणि पुढं पाण्याखालच्या साठवणीत गेला. जड पाण्यातलं आयोडिन पुढच्या आठवड्यांत आपल्या आठ दिवसांच्या चालीने कमी होत गेलं.

दूध मात्र बघायलाच हवं होतं. आयोडिनचा माणसापर्यंतचा जवळचा रस्ता तोच: गवत, गाय, दूध, लहान मुलाची थायरॉइड ग्रंथी. दूध नेहमीच तपासतात, पण त्या आठवड्यात दोन जादा गोठे घेतले. एका गोठ्यावर मीही गेले होते. आमच्या माणसाने नेहमीपेक्षा मोठा कॅन पुढं केला आणि हे तपासायला न्यायचंय म्हणून सांगितलं. गवळी कॅनकडे बघून आधी गप्प झाला, मग एकदम तावातावाने सुरू झाला: तीन पिढ्यांत आमच्या घरात कुणी दुधात पाणी घातलेलं नाही, कुणी सांगितलं तुम्हांला, त्याचं नाव सांगा. समजावलं, पण पटलं नाही. प्रयोगशाळेत त्या दुधात मोजता येईल एवढं आयोडिन निघालं नाही. हे सांगायला आमचा माणूस गेला तेव्हा गवळ्याने एकच विचारलं, पाण्याचं काय आलं?