तुम्ही विचारलंत म्हणून: बडोद्यात रस्त्यावरचं गाणं ऐकायचं कुठं?

पुण्या-मुंबईचे पाहुणे लक्ष्मीविलास राजवाडा बघून आले की हमखास विचारतात, "इथं रस्त्यावर गाणारे-वाजवणारे कुठं भेटतात हो? आणि त्यांना द्यायचे किती?" जणू त्यांचं वेळापत्रक माझ्या पर्समध्येच असतं!

पत्ता नाही. पण गाडी घरी ठेवून न्यायमंदिरापासून लहरीपुरा दरवाजातून मांडवीकडे पायी गेलात, तर एखादा रावणहत्थावाला भेटण्याची आशा असते. तो दिसण्याआधी ऐकू येतो. नारळाची करवंटी, तिच्यावर मढवलेलं कातडं, बांबूचा दांडा, आणि गजाला घुंगरं. गज ओढला की सूर निघतो आणि त्याच झटक्यात ठेकाही. साथीला दुसरा माणूस लागत नाही.

तुम्हाला बघून तो आधी सिनेमाची चाल वाजवणार. शहरातल्या माणसाला तेच हवं, हा त्याचा हिशेब. आणि तो चुकीचा म्हणवत नाही, कारण आपण तेवढ्यावरच मोबाइल काढतो, दहाची नोट टाकतो आणि सटकतो. मीही तेच करायचे. एकदा चपलेचा अंगठा तुटला म्हणून मोच्यापाशी अडकले, आणि समोरच्या रावणहत्थावाल्याच्या तीन-चार सिनेमाच्या चाली निमूट ऐकाव्या लागल्या. बाई हलत नाहीत हे बघून म्हणा, किंवा कंटाळून, तो स्वतःपुरतं वाजवायला लागला. मग गळाही लावला. शब्द मारवाडी, अर्धेच कळले. चप्पल कधीच शिवून झाली होती. तेव्हापासून मी सरळ म्हणते, "काका, तमारुं पोतानुं कंईक वगाडो ने." तुमचं स्वतःचं काहीतरी वाजवा.

या गावाची खरी चीज मात्र माणभट्ट. समोर तांब्याची माण, म्हणजे अरुंद तोंडाचा मोठा घडा. बोटांत अंगठ्या, आणि त्या घड्यावर वाजवत बसल्या जागी अख्खं आख्यान रंगवायचं. सतराव्या शतकातला कवी प्रेमानंद इथलाच, त्याची आख्यानं हे लोक गातात. आपल्या कीर्तनकाराचा हा चुलतभाऊच, फक्त उभा राहत नाही. माझ्या आजीला गुजराती बेताचंच यायचं, तरी शेजारच्या पोळमध्ये, म्हणजे गल्लीत, 'ओखाहरण' असलं की ती पाट घेऊन पुढे जाऊन बसायची. ओखा म्हणजे आपली उषा. बाणासुर, अनिरुद्ध, सगळी ओळखीची मंडळी! अंगठ्यांचा ठेका वाढला की लढाई आली, एवढं तिला पुरे. आता चौकात माणभट्ट सहसा दिसत नाही. कुणी कार्यक्रम ठेवला तर सोडू नका.

पैशांचं म्हणाल, तर सेवउसळीच्या प्लेटला मोजता त्याहून कमी देऊ नका. शूटिंग करायचं तर आधी विचारा, नुसतं पैसे दिले म्हणून परवानगी मिळाली असं नाही.

आणि कुणीच नाही भेटलं, तर संध्याकाळी सूरसागर तलावाच्या काठाला या. सयाजीरावांनी 1886 साली गवई मौलाबक्षांच्या हाती सोपवलेली गायनशाळा आता विद्यापीठाचा विभाग झालीय. तिच्या बाहेर जरा रेंगाळा. खिडक्या उघड्या असल्या तर कुणीतरी पोरगं एकच तुकडा पंचवीसदा घोटत असतं, सव्विसाव्यांदा चुकतं, आणि पुन्हा पहिल्यापासून धरतं.