शेठ, तुम्हाला यातलं कळतं का?

मिरजेत माझं औषधांचं दुकान आहे. काउंटरमागे एक छोटा स्पीकर आहे आणि त्यावर दिवसभर बारीक आवाजात शास्त्रीय गाणं चालू असतं. आजूबाजूला दवाखानेच दवाखाने, त्यामुळे येणारा माणूस बहुतेक वेळा पेशंटचा नातेवाईक, हातात चिठ्ठी, डोळ्यात झोप. तरीही त्यातला कोणीतरी विचारतोच, "शेठ, तुम्हाला यातलं कळतं का? नसेल कळत तर ऐकून मिळतं काय?" परवा एका एमआरने, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीनेही विचारलं, तेव्हा गर्दी होती म्हणून नुसता हसलो. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून आता निवांत लिहितोय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही. पूरिया आणि मारवा या दोन रागांचे स्वर तेच, चालणं वेगळं, असं मला शंभर वेळा सांगून झालंय आणि वीस वर्षं ऐकूनही मी दर वेळी चुकीचं नाव सांगतो. तराणा, म्हणजे ते अर्थ नसलेल्या बोलांचं गाणं, सुरू झाला की माझं लक्ष हिशोबाच्या वहीत जातं. आणि मैफिलीत पुढच्या रांगेत बसून गायकाच्या आधी "क्या बात है" म्हणणारे असतात ना, त्यांची तर मला भीतीच वाटते.

दुसरा प्रश्न अवघड आहे.

मिरजेत राहून गाणं चुकवणं तसं कठीणच. किराणा घराण्याचे मोठे गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले, १९३७ साली गेले, त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात त्यांच्या नावाने तिथे रात्र रात्र गाणं होतं. तिकीट नाही, सतरंजीवर बसायचं, शेजारी कोण बसलाय ते बघायचं नाही. मी पहिल्यांदा गेलो तो मित्राबरोबर, चहाच्या आमिषाने. गायिकेने विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतलं गाणं सुरू केलं आणि मला वाटलं ही बाई अजून गळाच साफ करतेय. वीसेक मिनिटं गेली आणि माझ्या लक्षात आलं की माझी मान हलतेय. मी हलवत नव्हतो, आपोआप हलत होती, आणि आजूबाजूच्या सगळ्यांची बरोबर त्याच क्षणाला हलत होती, म्हणजे चहावाल्या पोराची पण.

ती सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा. विलंबित एकताल बारा मात्रांचा, म्हणजे बारा ठोक्यांचा, पण एवढा संथ की एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, संपायला कधी कधी जवळजवळ मिनिट लागतं. तेवढ्या वेळात गाणारा कुठे कुठे भटकून येतो, आता काही हा वेळेत पोचत नाही असं वाटायला लागतं आणि मुखडा, म्हणजे गाण्याची सुरुवातीची ओळ घेऊन तो नेमका पहिल्या मात्रेवर येऊन उतरतो. आणि परत निघतो. हे कळायला शिकावं लागत नाही, नुसतं थोडा वेळ बसावं लागतं. माझं दिवसभराचं काम म्हणजे "लवकर द्या, लवकर द्या", त्यात कोणीतरी एवढ्या सावकाश निघून बरोबर जागेवर पोचतोय हे ऐकायला मला फार बरं वाटतं. मिळतं ते एवढंच.

कान डोक्याच्या आधी शिकतो, हे मला सतारमेकर गल्लीत पटलं. आमच्याकडे तंबोरे बनवणारी घराणी मूळची शिकलगार, हत्यारांना धार लावणारी. तिथल्या एका कारागिराची औषधं मी पोचवायचो. एकदा तो जवारी लावत होता, म्हणजे तार गुंजावी म्हणून जुळवत होता. घोडीवरून, म्हणजे तारेखालच्या त्या पट्टीवरून तार जाते ना, तिच्याखाली सुताचा एक धागा घालून तो केसभर पुढे, केसभर मागे सरकवत होता. आधी तार नुसती ठण्ण वाजून मरायची. मग एका जागी धागा आला आणि तीच तार मधमाशीसारखी गुणगुणायला लागली, थांबेचना. म्हणाला, "खर्जात गंधार ऐकू येतोय का बघा." म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या तारेत ग हा स्वर. त्या तंबोऱ्यात गंधाराची तारच नव्हती! मला काही ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी पण नाही. तिसऱ्या दिवशी गोळ्या देऊन निघालो होतो, चप्पल घालताना ऐकू आला. स्पष्ट. त्यानंतर तो कायम ऐकू येतो, आता नको म्हटलं तरी येतो.

आणि दुकानात गाणं लावणं हा काही माझा शोध नाही. भीमसेन जोशी लहानपणी एका दुकानाबाहेर उभं राहून रेकॉर्ड ऐकायचे, खाँसाहेबांची झिंझोटी रागातली ठुमरी त्यांनी ऐकली आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, गाणं शिकायला घरातून पळाले. त्या दुकानदाराचा तेव्हा किती खप झाला कोण जाणे, पण धंद्याच्या बाहेरचं काम त्याने मोठंच केलं.

माझ्या दुकानाबाहेर अजून कोणी पळालेलं नाही. पण एक गोष्ट झाली. दुपारी तीनच्या सुमाराला जत भागातले एक आजोबा आले, धोतर, टोपी, बायको ॲडमिट. मी भीमपलास राग लावला होता. औषधं घेतली, पैसे दिले, सुट्टे परत घेतले आणि जाईनात. मला वाटलं काही राहिलं. म्हटलं, "आणखी काही देऊ का आजोबा?" तर म्हणाले, "न्हाई, हे इंद्रायणी काठी हाय न्हवं? शबुद येगळं हायत, पर हाय त्येच." मी गारच. इंद्रायणी काठी भीमपलासातच बांधलेलं आहे, हे मला एका जाणकाराने सांगितलं तेव्हा कळलं होतं. या माणसाने आयुष्यात कधी रागाचं नाव विचारलं नसेल. गावातल्या भजनात, रेडिओवर, लग्नाच्या मांडवात तो राग त्यांच्या कानात कधीच येऊन बसला होता, फक्त त्याचं नाव भीमपलास आहे एवढंच कोणी सांगितलं नव्हतं. मी पण नाही सांगितलं. स्टूल दिलं, दहा मिनिटं बसले, मग उठून वॉर्डात गेले.

पुढच्या महिन्यात आजीला दाखवायला परत आले. आजी बऱ्या होत्या, स्वतः चालत आल्या होत्या. काउंटरवर चिठ्ठी ठेवून स्पीकरकडे बोट दाखवत म्हणाले, "आज इंद्रायणी न्हाई व्हय?"

सकाळचे अकरा वाजले होते. भीमपलास दुपारचा राग, जाणकार ऐकतील तर रागावतील. लावला.